दोनशे पुऱ्या मलकापूरला कशा गेल्या

आता जे सांगणार आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे मी आधीच लिहून टाकतो. ज्याचा बसेल त्यानं उचगावला येऊन मला भेटावं. मी त्याला चहा पाजीन आणि मग जवळच्या डॉक्टरकडं घेऊन जाईन.

माझं नाव बाबालाल, वय शहात्तर. पन्नास वर्षं स्टोव्ह आणि शेगड्या दुरुस्त केल्या. कोल्हापुरात रस्त्याकडेला जे जे तळलं गेलं, उकळलं गेलं, त्यातल्या निम्म्याच्या खालचा जाळ माझ्या हातचा. वडेवाले, भजीवाले, मिसळवाले सगळे बर्नर काखेत मारून माझ्याकडं यायचे. पुढं सगळे गॅसवर गेले आणि मी घरात बसलो. दुकान बंद करताना एकच वस्तू उचलून आणली, माझा पितळी स्टोव्ह. रोज चिंचेनं घासतो. त्याच्यात तोंड बघून दाढी करता येते. त्या स्टोव्हवर माझ्याशिवाय कुणी चहासुद्धा केलेला नाही.

तर गेल्या जुलैतला रविवार. बाहेर पावसानं सकाळपासून ठाण मांडलेलं, आणि घरात लालबीनं. लालबी म्हणजे आमची मंडळी. ती कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी होती. तिच्या मागं आमची नात मेहक, डोळे लाल करून.

कारण डबा गेला होता.

हा डबा काय, ते सांगितलं पाहिजे. मेहकनं कॉलेज संपवल्यावर घरच्या घरी पाणीपुरी, शेवपुरी करून विकायचं डोक्यात घेतलं. मोबाइलवर बघून शिकली. पहिल्या खेपेच्या पुऱ्या पापडासारख्या झाल्या, दुसऱ्या खेपेच्या बिस्किटासारख्या. सातव्या खेपेची एक मी दारातल्या कुत्र्याला टाकली तर त्यानं ती खड्डा करून पुरून ठेवली. पण पोरगी हटली नाही. नवव्या खेपेला पुऱ्या अशा फुगल्या की कढईत एकमेकींना ढकलायला लागल्या. मग पलीकडच्या गल्लीतल्या संघप्रिया बाईंनी तिला पहिली ऑर्डर दिली. बाई शाळेत शिकवतात, त्यांच्या प्रसेनजीतला वकिलीची सनद मिळाली, त्याची मेजवानी रविवारी संध्याकाळी. दोनशे पुऱ्या, रगडा, तिखट पाणी, गोड पाणी. पाणीपुरीच्या दोन गाडेवाल्यांना ‘नको’ सांगून बाईंनी ऑर्डर आमच्या पोरीला दिलेली.

पावसाळ्यात पुरीचं वैर हवेशी. उघड्यावर अर्धा तास ठेवली की सादळते, चामड्यासारखी होते. म्हणून मी डबा करून दिला. तेलाचा पंधरा किलोचा चौकोनी डबा, वरचा पत्रा कापून झाकण बसवलं, झाकणाला कडेनं रबर लावलं. आत घातलेली पुरी पुढच्या रविवारपर्यंत कुरकुरीत. बाहेरून लाल रंगानं मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘मेहक’. घरात तसला डबा एकच.

शनिवारी दुपारी तिनं दोनशे पुऱ्या तळून त्यात भरल्या. रविवारी सकाळी ना पुऱ्या, ना झाकण, ना डबा. फडताळात डब्याच्या जागी चौकोनी स्वच्छ जागा तेवढी राहिली होती.

“काल तिन्हीसांजेला आम्ही दोघी मंडईत गेलो होतो पुदिना आणायला,” लालबी म्हणाली. “घरात राखणीला कोण होतं?”

“मी.”

“मग डबा कुठं हाय?”

“सांगतो. पण जरा लांबडी गोष्ट हाय. आधी पीठ भिजवा. पुऱ्या परत कराव्या लागणारच की.”

ही गोष्ट मात्र खरी होती. मेहकनं नाक पुसलं आणि रवा चाळायला घेतला. साडेचारला प्रसेनजीत गाडी घेऊन ऑर्डर न्यायला येणार होता. लालबीनं मात्र बोट माझ्या नाकासमोर धरलं.

“पुऱ्या होईपर्यंत सांगा काय सांगायचं ते. मी मधी थांबवणार न्हाय. पण इथं बसलेल्यांपैकी एकानं जरी तुमचं खोटं उघडं पाडलं, तर चार वाजता भंगारवाला येतोय. तुमचा तो स्टोव्ह मी माझ्या हातानं त्याच्या गाडीवर ठेवणार.”

“आणि कुणाला न्हाय पाडता आलं तर?”

“तर तुम्ही आणि तुमचा स्टोव्ह, दोघंबी राहा घरात.”

म्हणजे बघा, एका बाजूला पोरीची पहिली ऑर्डर आणि दुसऱ्या बाजूला माझा स्टोव्ह. असल्या पेचात मी पूर्वी एकदाच सापडलो होतो, आमच्या लग्नात. पण ते जाऊ दे.

पीठ ओल्या फडक्याखाली मुरत ठेवलं तोवर शेजारची शिवानी आली. तिच्या नवऱ्याचं गांधीनगरात कापडाचं दुकान, आणि तिची जीभ त्याच्या कात्रीपेक्षा धारदार. तिनं पदर खोचला, पोळपाट ओढला. लालबी आणि ती पोळी लाटणार, मी वाटीनं गोल पाडणार, मेहक तळणार. अशी मांडामांड झाली आणि एवढ्यात दारात दादासो उभा.

दादासो माझा पन्नास वर्षांचा दोस्त. साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. तीस वर्षं उसाच्या गाड्या मोजल्या, एका किलोचा फरक केला नाही. गावातला सगळ्यात खरा माणूस, आणि तेवढाच त्याच्यात दोष. डोक्यावर पोत्याची खोळ, काखेत दुसऱ्या पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी मोठं.

“काय आणलंयसा भाऊजी?” लालबीनं विचारलं.

“मीनानं भडंग दिलंय,” दादासो म्हणाला. मीना म्हणजे त्याची बायको मीनाबाई. तिच्या हातच्या भडंगाला गावात तोड नाही. “आन बाबालालला म्हनलं जरा...”

“ठेव, ठेव तिकडं कोपऱ्यात,” मी घाईनं म्हणालो. “हात धू. माणूस कमी पडतंय. ये, माझ्याशेजारी बस. अगदी चिकटून बस.”

तो बिचारा बसला. दुसरी वाटी घेतली. माझा उजवा पाय मी त्याच्या डाव्या पायावर अलगद ठेवला. वजन टाकलं नाही, नुसता ठेवला.

“सांगा आता,” लालबी म्हणाली, आणि पहिली पोळी माझ्याकडं सरकवली.

मी सुरुवात केली.

“आज पहाटे नमाज पढून उठलो तर मनात आलं, पोरीच्या पुऱ्या एकदा बघाव्यात. झाकण उघडलं. एक पुरी दाबली. आवाज न्हाय. दुसरी दाबली. आवाज न्हाय. दोनशेच्या दोनशे सादळलेल्या!”

“तुमचं रबर काय करत होतं?” शिवानी.

“रबराला मी विचारलं न्हाय. माझ्या डोळ्यासमोर पोरगी आली. म्हटलं, तिला उठवून रडवायचं का? पन्नास वर्षं दुरुस्ती कशाला केली मग? आता तुम्हीच विचार करा. पुरी सादळते म्हणजे काय होतं? तिच्यातली हवा जाते. स्टोव्ह का विझतो? त्याच्यातली हवा जाते. आजार एकच. मग औषध वेगळं कशाला?”

“या अल्ला,” लालबी लाटणं थांबवून म्हणाली. “म्हणजे तुम्ही...”

“मी स्टोव्हचा पंप काढला.”

मेहकला हसू आलं, पण तिनं ते झाऱ्याआड लपवलं. कढईत पहिला घाणा फुगला. मी मनात म्हटलं, चला, निदान हिचं रडं तरी थांबलं.

“स्टोव्हच्या पिनेनं पुरीला बारीक भोक पाडायचं, पंपाचं तोंड लावायचं, तीन ठोके मारायचे. एक, दोन, तीन. पुरी टणक! दाबली तर कट्ट! पंपाचं चामडी वायसर मी कालच तेलात भिजवून ठेवलेलं, त्यामुळं हवा अशी सरळ जात होती म्हणता!”

“सकाळी सहाला तुम्ही घोरत होता,” लालबी म्हणाली. “माझ्या कानानं ऐकलंय मी.”

“तो पंपाचा आवाज.”

यावर दोघींनी परत लाटणी उचलली. माझं घोरणं आणि माझा पंप, यांत फरक सांगायला तज्ज्ञ लागतो. दादासो मात्र भुवया जवळ घेऊन माझ्याकडं बघत होता. त्याच्या कपाळावर काट्यावरचा हिशेब सुरू झालेला मला दिसला.

“खरं बाबालाल,” तो म्हणाला, “आज पहाटं पुऱ्या डब्यात कशा...”

मी पायावर थोडं वजन टाकलं.

“...हां. चालू दे,” तो म्हणाला.

“तर तीसेक पुऱ्या अशा दुरुस्त केल्या. एकतिसावी पुरी हातात घेतली. ती जरा जाड होती. शिवानी, आत्ता तू लाटतीयास ना, तसली.”

“माझी जाड हाय? तुमच्या चष्म्याची काच जाड हाय चाचा.”

“तीन ठोक्यांत ती ऐकेना. दहा मारले, लिंबाएवढी. वीस मारले, नारळाएवढी. मी इरेलाच पडलो. शंभर मारले तर फुटबॉल! आपल्या शाहू स्टेडियमवर नेऊन टाकली असती तर पेठेतल्या पोरांनी तिच्यावर अख्खा सामना काढला असता. फुटेल म्हणावं तर फुटेना. मेहक, तू कणीक काय भारी मळतीस गं!”

“रवा आणि गरम पाणी नाना,” मेहक म्हणाली. “आणि वीस मिनिटं झाकून ठेवायची.”

“बघा, वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांचा हा प्रताप. पुरी बैलगाडीच्या चाकाएवढी झाली आणि जमीन सोडून वर चालली.”

“पुरी,” शिवानी म्हणाली.

“पुरी. तळलेल्या वस्तूत गरम हवा असते. गरम हवा वर जाते. शाळेत शिकवतात हे. मी धावत जाऊन तिला धरायला लागलो तर ती पत्र्याला टेकली. म्हटलं, हिला वजन बांधावं म्हणजे खाली येईल. हाताशी काय होतं? डबा. डब्याची कडी सुतळीनं पुरीला बांधली. तर पुरी डबा घेऊन वर! मी डब्याला लोंबकळलो, तर पुरी डबा आणि मला घेऊन दाराबाहेर!”

“दोनशे पुऱ्या आणि तुम्ही,” लालबी म्हणाली. “आणि त्या पुरीला काही झालं न्हाय. मला तुमचं धोतर जरी वाळत घालायचं तर दोरी तुटते.”

“शंभर झाल्या,” मेहकनं मधेच सांगितलं.

सगळ्यांनी वर बघितलं. कागदावर पुऱ्यांचा ढीग तयार झाला होता, गोल, तांबूस, प्रत्येकीचं पोट तट्ट. हात भराभर चालले होते. मी एक गोष्ट तेव्हा ओळखली. माझी गोष्ट ऐकायला म्हणून शिवानी घरी जायची थांबली होती. गोष्ट लवकर संपली असती तर पोळपाटही उठला असता. म्हणून मी जरा लांबचा रस्ता धरला.

“वारा पश्चिमेचा. त्यानं मला उचलून हायवेपलीकडं नेलं. खाली गांधीनगरातली दुकानं उघडत होती. शिवानी, तुझा नवरा शटर वर करताना बघितला मी. त्यानं शेजारच्याच्या दारातला कचरा...”

“शेजारच्यानं ह्यांच्या दारात सारला असणार!” शिवानी उसळली. “रोज करतो त्यो मेला. हे मात्र खरं हाय हं चाची.”

झालं. एक साक्षीदार माझ्या बाजूला आला.

“मग हातकणंगले गेलं, जयसिंगपूर गेलं, आणि खाली शिरोळचा ऊस. काय सांगू! कृष्णा फुगून शिवारात आलेली, जिकडं बघावं तिकडं हिरवं आणि मधी मधी पाण्याची तांबडी पट्टी. एवढ्यात समोरनं घर्रर्र करत एक ड्रोन आला. तिथं आता औषध फवारायला ड्रोन असतोय, ठाऊक आहे ना? ड्रोन माझ्यासमोर थांबला, मी ड्रोनसमोर थांबलो. खाली बांधावर एक तरणाबांड शेतकरी हातात यंत्र घेऊन उभा. खालनं ओरडतोय, ‘ओ पावणं! कुठल्या कंपनीचा हाय?’ मी वरनं ओरडलो, ‘घरगुती हाय!’ तो म्हणतोय, ‘एकरी किती घेता?’”

दादासो खो खो हसला. तो हसला की त्याचं पोट हलतं आणि वाटी वाकडी पडते. तीन पुऱ्या अंड्यासारख्या झाल्या.

“भाऊजी, नीट पाडा,” लालबी म्हणाली, पण तीसुद्धा पदरात हसत होती. “मग? घेतलं काय फवारणीचं काम?”

“घेतलं असतं, पण पोरीची ऑर्डर डोक्यात. म्हटलं, आता परत फिरायला पाहिजे. कानामागं स्टोव्हची पिन होतीच. मी ती काढली आणि पुरीला मागच्या अंगानं टोचली. आतली हवा सुटली फुस्सकन, आणि पुरी जी सुटली उलटी! डोळ्यातनं पाणी. कानात नुसतं सूं सूं. जयसिंगपूर आलं कधी, गेलं कधी. वारणा गेली. डाव्या हाताला पन्हाळा दिसला, तो पण मला हलताना वाटला.”

“उचगाव मागं राहिलं की मग,” शिवानी म्हणाली.

“राहिलं. ब्रेक कुठं होता? हवा संपली ती थेट मलकापुरात. रत्नागिरी रोडला, बाजारपेठेच्या बरोबर वर. पाऊस असा कोसळतोय की माणूस दिसत न्हाय, नुसत्या छत्र्या. पुरी फुटली, सुतळी सुटली, मी एका ताडपत्रीवर पडलो आणि डबा पडला चौकात. झाकण उडालं. दोनशे पुऱ्या हवेत!”

मी वाटी खाली ठेवली. दोन्ही हात वर करून दाखवले.

“लोकांनी काय केलं असेल? छत्र्या उलट्या केल्या! ज्याच्या छत्रीत जेवढ्या पडल्या तेवढ्या त्याच्या. एक म्हातारी तर पुरीला अंगठ्यानं भोक पाडून वर धरून उभी राहिली. पावसाचं पाणी भरलं की तोंडात. मी म्हटलं, आजी, त्यात तिखट न्हाय, पुदिना न्हाय. ती म्हणाली, ‘गप बस, आमच्या पावसाला चव हाय.’”

मेहक कढईपाशी वाकून हसत होती. झाऱ्यावरनं तेल ठिबकत होतं. “नाना, पुरे! एकशे साठ झाल्या. मी मोजायची चुकेन.”

“आणि परत कसे आलात?” शिवानीनं डोळे बारीक केले. “एसटीनं?”

“मग काय चालत?”

“पंच्याहत्तर झालेल्याला फुकट असतंय, पण शून्याचं तिकीट फाडून देतात. माझ्या सासऱ्यांच्या खिशात ढीग असतो. दाखवा तिकीट.”

या बाईला दुकानाच्या गल्ल्यावर बसवायला पाहिजे. लालबीचं लाटणं थांबलं. बाहेर लांबवर भंगारवाल्याचा भोंगा वाजल्यासारखा झाला आणि माझी नजर फळीवरच्या स्टोव्हकडं गेली.

“एसटीनं निघालो होतो म्हटलं मी,” मी सावकाश म्हणालो. “एसटी आंब्याच्या घाटात अडकलेली, ती यायलाच तयार न्हाय. मग भाजीच्या टेम्पोतनं आलो. टेम्पोत दोडका होता. दोडका तिकीट देत न्हाय.”

शिवानीनं मान हलवली. पटलं म्हणून नव्हे, पोळ्या संपवायच्या होत्या म्हणून. तिनं शेवटच्या पोळीला हात घातला. मेहकनं नुकत्याच तळलेल्यातली एक पुरी उचलून दादासोपुढं धरली.

“आजोबा, चव बघा. पाणी घालून देऊ?”

“नगं पोरी,” दादासो घाईनं म्हणाला. “कालचंच अजून पोटात...”

मी पायावर सगळं वजन टाकलं.

“...पोटात जरा ग्यास हाय,” तो कळवळून म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नाही. एवढं एक वाक्य बोलून त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याच्या काट्याखाली दगड ठेवला.

चारला पाच-सात मिनिटं होती. मेहकनं शेवटचा घाणा काढला. “एकशे अठ्ठ्याण्णव, एकशे नव्याण्णव, दोनशे!” शिवानीनं टाळी वाजवली. लालबीनं पाठ सरळ केली आणि माझ्याकडं बघितलं. तिच्या तोंडावर हरल्याची खूण होती. गोष्ट संपली होती, पुऱ्या झाल्या होत्या, आणि चौघांपैकी कुणालाही काही उघडं पाडता आलं नव्हतं. फळीवर माझा स्टोव्ह चमकत होता. मी मिशीवरनं हात फिरवला.

तेवढ्यात मेहकनं सगळ्यात खालची, पहिल्या घाण्यातली पुरी उचलली आणि दोन बोटांत दाबली.

आवाज आला नाही.

तिनं दुसरी दाबली. तीही नुसती आत गेली, मऊ.

“सादळायला लागल्या,” ती म्हणाली. “नानी, ह्या ठेवायच्या कशात?”

लालबीनं तांदळाचा डबा रिकामा केला, त्याचं झाकण घट्ट बसेना. शिवानी म्हणाली, “प्लॅस्टिकच्या पिशव्या देते की.” पण पिशवीत घालून गाडीवरनं नेल्या तर मेजवानीला पुऱ्यांचा चुरा पोचणार. स्टीलचा मोठा डबा होता, त्याला कडेनं चमचा जाईल एवढी फट. मेहकनं एकेका डब्याला हात लावला आणि एकेक खाली ठेवला. मग ती कढईपाशी बसली.

“नानांचा डबा पाहिजे होता,” ती म्हणाली. रागानं नाही, नुसतीच म्हणाली. “आता प्रसेनजीतदादा येईपर्यंत निम्म्या चामडं होतील. बाई काही बोलणार न्हाईत. पण परत कोण सांगतंय मला?”

तिचे डोळे परत भरून आले. हसून हसून आलेलं पाणी आधीच होतं, त्यात हे मिसळलं.

“चालत्या गाडीवर भंगाऽऽर! जुनं लोखंड, पत्रा, पितळ, तांबं!” भोंगा आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला.

मी कोपऱ्यातल्या पोत्याकडं बघितलं. मग फळीवरच्या स्टोव्हकडं बघितलं. पन्नास वर्षांत मी त्याच्याशी जेवढं बोललो तेवढं लालबीशी बोललो नसेन. पोरीनं ओढणीच्या टोकानं डोळे टिपले. शेजारी दादासोचा श्वास जोरात चाललेला. तो एकदा पोत्याकडं बघत होता, एकदा पोरीकडं, आणि एकदा आपल्या पायावरच्या माझ्या पायाकडं.

मी पाय उचलला.

दादासो स्प्रिंगसारखा उभा राहिला. लंगडत कोपऱ्यात गेला, पोतं ओढलं, आणि चौकोनी डबा दोन्ही हातांनी उचलून मधोमध आणून ठेवला. घासून लखलखीत केलेला, रबर जागच्या जागी, आणि समोरच्या अंगाला लाल अक्षरात ‘मेहक’.

“पोरी, ह्यातलं भडंग काढ परातीत आन पुऱ्या घाल आत, उठ!” तो ओरडला. “दुसऱ्याचा डबा लपवून कशाला ठेवायचा, आन रिकामा तरी कसा द्यायचा, म्हनून मीनानं अर्धा भरून दिलाय. आन बाबालाल, लेका, डबा मलकापुरात पडला म्हनतोस व्हय? मग काल तिन्हीसांजंला पान्याच्या टाकीखाली ‘खावा, माझ्या स्टोव्हवर मी सोता तळल्यात’ म्हनून आमा सात म्हाताऱ्यांस्नी तू ज्यातनं दोनशे पुऱ्या चारल्यास, आन मग ‘आठ दिस तुझ्याकडं लपवून ठेव’ म्हनून माझ्या घरात सोडलास, त्यो ह्यो डबा कुठला? वैनी, बोलवा त्या भंगारवाल्याला. ह्यो सगळं खोटं बोलतोय!”